तांबड्या शाईतली ॲलर्जी

वैद्यकशास्त्र लेखी नोंदीवर उभं आहे. रुग्ण विसरतो, नातेवाईक गोंधळतात, डॉक्टर बदलतात; कागद मात्र अढळ राहतो. सुनंदा परब यांच्या फायलीतला कागद एकोणीस वर्षं अढळ होता. तांबड्या शाईत, खाली दोन रेघा मारून त्यावर लिहिलं होतं, ‘ॲलर्जिक टू पेनिसिलिन’. मला बोलावणं आलं तेव्हा या अढळ कागदापायी बाईंची मूत्रपिंडं बसायला आली होती.

मी ॲलर्जीची डॉक्टर. मुलुंडच्या एका मोठ्या रुग्णालयात मी ‘व्हिजिटिंग’ आहे. म्हणजे बोलावलं की जायचं, आणि आपली गाडी रुग्णालयाच्या कोणत्या कोपऱ्यात उभी करणं नियमबाह्य आहे हे वॉचमनकडून समजून घ्यायचं. रुग्णालयाच्या लॉबीत काचेवरून पाणी वाहतं. शेजारी गुणवत्तेची सात प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आहेत. आठव्या फ्रेमसाठी खिळा ठोकून ठेवला आहे.

फोन कार्डिओलॉजीचे प्रमुख डॉ. सबनीस यांचा होता. ते कुणाला सहसा बोलावत नाहीत. दुसऱ्याचं मत घेणं त्यांना दुसऱ्याचा टूथब्रश घेण्यासारखं वाटतं.

“एक टिपिकल केस आहे,” ते म्हणाले. “मल्टिपल ड्रग ॲलर्जी. तुम्ही फक्त येऊन कन्फर्म करा.”

“कन्फर्म करायला बोलावताय की बघायला?”

“तेच ते.”

केस अशी होती. सुनंदा परब, वय त्रेचाळीस, राहणार विक्रोळी, पवईतल्या चार घरी पोळ्या करतात. नवरा विक्रोळीतच एका कारखान्यात फिटर. बाईंच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू. तिच्यावर आता जंतूंनी घर केलेलं. तीन आठवडे ताप. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेला चिकटलेला जंतूंचा गोळा दिसत होता. असा गोळा तिथेच राहिला तर झडप खातो, आणि तुकडा सुटला तर रक्तातून मेंदूत जातो. दोन्ही वाईट. पण एक सुदैव होतं. रक्तात जो जंतू सापडला तो अगदी जुन्या वळणाचा होता. साध्या पेनिसिलिनला घाबरणारा. हल्ली असे जंतू भेटले की डॉक्टरांना गहिवरून येतं.

फक्त पेनिसिलिन द्यायचं नव्हतं, कारण कागद.

पेनिसिलिनचं एक नातेवाईक औषध आहे, सेफ्ट्रियाक्सोन. तेही चाललं असतं. पण नात्यामुळे त्यालाही बंदी. घराण्यात एकाने पळून जाऊन लग्न केलं की सगळ्या चुलत भावंडांकडे संशयाने बघतात, तसं. मग व्हॅन्कोमायसिन सुरू झालं. औषध चांगलं आहे, पण तब्येतीने द्यावं लागतं. एका तासाहून जास्त वेळ घेऊन, थेंबाथेंबाने. पहिली बाटली कुणीतरी वीस मिनिटांत संपवली. बाईंचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली, खाज सुटली. हे घाईचं फळ असतं. सावकाश दिलं की बहुधा होत नाही. पण रजिस्ट्रार डॉ. इशिताने कॉम्प्युटरवर दुसरी नोंद केली: व्हॅन्कोमायसिनची ॲलर्जी. तरीही औषध चालूच ठेवलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. आठव्या दिवशी मूत्रपिंडांनी तक्रार केली. क्रिएटिनिन नावाचा रक्तातला आकडा वाढायला लागला, म्हणजे गाळणी तुंबायला लागली. ताप होताच.

मी वॉर्डात पोचले तेव्हा बाईंच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी होती. या रुग्णालयात ॲलर्जीवाल्यांना लाल पट्टी बांधतात. नोंदी दोन होत्या म्हणून उजव्या मनगटावरही एक होती.

“अटक झाल्यासारखं वाटतं,” बाई म्हणाल्या. आवाज खोल गेलेला, पण शब्द धारदार.

शेजारी त्यांचे यजमान मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत फाईल, फायलीत तो कागद. विचारायच्या आतच त्यांनी तो काढून माझ्यापुढे धरला. घाटकोपरच्या एका नर्सिंग होमचं कार्ड. मुलगी झाली त्या बाळंतपणाच्या वेळचं.

“लॅमिनेट केलंय मॅडम,” ते अभिमानाने म्हणाले. “सगळीकडे आधी हेच दाखवतो. पालिकेच्या दवाखान्यात, डेंटिस्टकडे, सगळीकडे. कुणी आजवर नाही म्हणालं नाही.”

ते खरंच होतं. त्या एका ओळीवरून एकोणीस वर्षांत सात ठिकाणी सात नोंदी झाल्या होत्या. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला. सात नोंदी एकमेकींना दुजोरा देत होत्या, आणि पुरावा म्हणून पाहायला गेलं तर तो एकच होता.

इथे थोडं धंद्यातलं सांगते. लोक ज्याला औषधाची ‘रिॲक्शन’ म्हणतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, दुष्परिणाम: गोळी घेतली, पोट बिघडलं. दुसरी, न सोसणं: गोळी घेतली, गरगरलं. तिसरी, खरी ॲलर्जी: शरीराची पहारेकरी यंत्रणा औषधाला शत्रू समजते. औषध गेल्यावर मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. ही जीव घेऊ शकते. काही प्रकार दिवसांनी उमटतात. त्यातले थोडे कातडी सोलून काढण्याइतके भयंकर असतात. कागदावर या तिन्हींसाठी एकच शब्द लिहितात. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं ज्यांच्या फायलीत लिहिलेलं असतं त्यांतल्या बहुतेकांना ती नसते, हे आमच्या व्यवसायातलं उघड गुपित आहे. ती आहे की नाही ठरवण्याचं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण म्हणजे खुर्ची. ती खाटेजवळ ओढायची आणि विचारायचं, काय झालं होतं?

मी खुर्ची ओढली.

“पेनिसिलिन घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं?”

“पित्त आहेच मला. चहा घेतला की घशाशी येतं.”

“ते पित्त नाही हो. अंगावर लाल चट्टे?”

“ते मागच्या आठवड्यात उठले ना. इकडेच.”

“ते दुसऱ्या औषधाने. पेनिसिलिनने ओठ सुजले होते? दम लागला होता?”

“दम लागतो ना!”

मी वहीत ‘दम’ असं लिहिलं. मग शरमेने खोडलं. झडप अधू असलेल्या बाईला दम लागणारच. आणखी दोन मिनिटं गेली असती तर आठवी नोंद माझ्या अक्षरात झाली असती.

“बरं, तुम्हाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कागदावर लिहिलंय ना.”

“ते लिहायच्या आधी तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं? आठवतं?”

यजमान मधेच म्हणाले, “मी नव्हतो मॅडम तेव्हा, सेकंड शिफ्टला होतो. पण मला वाटतं की...”

“तुमी गप रवा जरा,” बाईंनी त्यांना थांबवलं. “तुमका काय ठावक? कळा माका येत होत्यो.” मग माझ्याकडे वळून त्या पुन्हा शहरी मराठीवर आल्या. “एक नवीन डॉक्टर होता, मॅडम. पोरगेलासा. विचारत होता, कुठलं औषध, कुठलं औषध. मी ओरडत होते. त्यातच सांगितलं त्याला, की मला पेनिसिलिन लागतं.”

“लागतं म्हणजे? काय व्हायचं?”

“व्हायचं काय? दर एकवीस दिवसांनी लागायचं.”

माझं पेन थांबलं.

“दर एकवीस दिवसांनी?”

“हो मग. बारा वर्षांची असल्यापासून. सांधे सुजले होते, ताप यायचा, तेव्हा पालिकेच्या हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाला धरलंय, आता हे इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी घ्यायचं, चुकवायचं नाही. मी एकदा पण चुकवलं नाही. गावी गेलो तरी आई कणकवलीला घेऊन जायची.”

“आणि कधी त्रास झाला? पुरळ, खाज, चक्कर?”

“कधीच नाही.”

“तेव्हा डॉक्टरला नेमकं कसं सांगितलंत? याच शब्दांत?”

बाई पहिल्यांदाच हसल्या. “कळा येताना असं थोडंच बोलणार? घरच्यासारखंच ओरडले असेन. माका पेनिसिलिन लागता, पेनिसिलिन लागता म्हणून.”

मराठीत चष्मा लागतो, चहा लागतो, पैसे लागतात. म्हणजे त्यांची गरज असते. मराठीत ऊनही लागतं, सुपारीही लागते, ठेचही लागते. म्हणजे बाधा होते. वाक्य तेच. कोणतं लागणं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. बाई सांगत होत्या, माझं एकवीस दिवसांचं इंजेक्शन विसरू नका. समोरच्याने ऐकलं, हिला पेनिसिलिन बाधतं. त्यातून मालवणीतलं ‘लागता’, हिंदीतल्या ‘लगता’सारखं कानात शिरलेलं. तो डॉक्टर मराठी नसावा. किंवा मराठीच असावा आणि घाईत असावा. लाल पेन मात्र त्याच्या खिशात तयार होतं.

“मग ते इंजेक्शन बंद कधी झालं?” मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“बाळंतपणानंतर. पालिकेत गेले, हे कार्ड दाखवलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला हे चालत नाही. म्हटलं, मोठ्या डॉक्टरने बघूनच लिहिलं असणार. आता बरी झाले असेन.”

हे इंजेक्शन झडपेचं राखणदार असतं. घशात जो जंतू वाढतो तो पुन्हापुन्हा येऊन झडपेचा आणखी नाश करू नये म्हणून ते द्यायचं असतं. बाईंनी बारा वर्षं नेमाने राखण केली. मग ‘मला राखणदार लागतो’ असं सांगितलं म्हणून आम्ही राखणदार काढून टाकला. एकोणीस वर्षांत झडप किती बिघडली ते इकोमध्ये दिसत होतं.

यजमानांनी कार्ड हळूच पिशवीत ठेवलं. लॅमिनेट केलेली बाजू खाली करून.

डॉ. सबनीस त्यांच्या केबिनमध्ये होते. क्वालिटी मॅडमही तिथेच होत्या. गळ्यातल्या पट्ट्यावर तीन ओळखपत्रं लावणारी ही बाई रुग्णालयाच्या गुणवत्तेवर देखरेख करते, म्हणजे फॉर्म तपासते. मी घडलेलं सांगितलं.

“म्हणजे हिस्टरी अनरिलायबल आहे,” सबनीस म्हणाले.

“हिस्टरी उत्तम आहे. ऐकणारा अनरिलायबल होता. आजच पेनिसिलिन सुरू करा.”

“आणि काही झालं तर? सात ठिकाणी डॉक्युमेंटेड ॲलर्जी आहे. कोर्टात मी काय सांगू, व्याकरण?”

“सर, मूत्रपिंडं गेली तर काय सांगाल?”

“ती नोन कॉम्प्लिकेशन आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पडला होता. ते वाईट डॉक्टर नाहीत. आठ दिवसांत त्यांनी स्वतः तीनदा इको केला होता. त्यांना फक्त आधाराला एक कागद हवा होता. मग मी त्यांना कागद देऊ केला: चॅलेंज टेस्ट.

नाव मल्लयुद्धासारखं आहे, प्रकार साधा. ज्याच्या इतिहासात धोक्याचं काही नाही त्याला त्याच कुळातल्या औषधाची थोडी मात्रा तोंडाने द्यायची आणि बसून राहायचं. काही झालं नाही तर पूर्ण मात्रा द्यायची आणि आणखी बसून राहायचं. हाताच्या त्वचेत थेंबभर टोचून पेनने गोल काढायची जी पद्धत आपल्याकडे प्रत्येक अँटिबायोटिकला वापरतात, तिच्याबद्दल माझं मत विचारू नका. पेनच्या कंपनीला तिचा उपयोग होत असावा.

“ॲड्रेनालिन खाटेशी हवं,” मी वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं. खरी ॲलर्जी झाली तर मांडीच्या स्नायूत देण्याचं ते पहिलं औषध. बाकी सगळं नंतर.

“आहे ना, क्रॅश कार्टमध्ये.” म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीत.

“मग काढा.”

“सील आहे मॅडम. सील तोडलं तर इन्सिडेंट फॉर्म भरावा लागतो.”

“कसला इन्सिडेंट?”

“सील तुटल्याचा.”

क्वालिटी मॅडमनी या मुद्द्याला मान डोलावली. शेवटी फार्मसीतून वेगळी दोन अँप्यूल मागवली. ती यायला वीस मिनिटं लागली. खऱ्या ॲलर्जीत माणूस मरायला एवढी पुरतात. हे मी बोलून दाखवलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

सकाळी अकरा वाजता पेनिसिलिनच्याच कुळातल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळीचा दहावा हिस्सा दिला. खाटेभोवती सबनीस, इशिता, सिस्टर, क्वालिटी मॅडम आणि मी. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. बाई छताकडे.

“सत्यनारायणाला पण एवढी माणसं नव्हती,” त्या म्हणाल्या.

अर्धा तास. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. मग पूर्ण गोळी. यजमान दाराबाहेर उभे राहून काचेतून बघत होते. त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, “नको, माझ्यामुळे काही व्हायला नको.” एकोणीस वर्षं ते कार्ड त्यांनीच सांभाळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला नीट कळत होतं आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

चाळिसाव्या मिनिटाला बाईंनी छाती खाजवली.

इशिताचा हात सिरिंजकडे गेला. सबनीस खुर्चीवरून उठले. मीही पुढे होऊन बाईंची नाडी धरली. खरं सांगते, इतका वेळ मी ज्या खात्रीने बोलत होते ती खात्री म्हणजे एका बाईची एकोणीस वर्षांपूर्वीची आठवण आणि माझं व्याकरण, एवढीच होती.

“कुठे खाजतंय?”

“इथे. आणि इथे. आणि इथे.”

गाऊन बाजूला केला. तीन लाल चौकोन. काठ पट्टीने आखल्यासारखे. मधोमध मॉनिटरचे स्टिकर. बाकी अंगावर कुठे काही नाही. ओठ, जीभ, छातीतला आवाज, रक्तदाब, सगळं जागेवर.

“हे कधीपासून?”

“आठ दिवस झाले. सांगितलं मी. म्हणाले, हात लावू नका.”

स्टिकरचा गोंद बाईंना बाधत होता. रुग्णालयातल्या आठ दिवसांत अंगावर दिसलेली ही एकमेव खरी ॲलर्जी, आणि ती एकटीच कुठे लिहिलेली नव्हती. दुसऱ्या प्रकारचे स्टिकर लावले. आम्ही आणखी दीड तास बसलो. काही झालं नाही. एक वाजून गेल्यावर बाईंनी विचारलं, “आता जेवायला देणार का?” हे मी टेस्ट निगेटिव्ह असल्याचं लक्षण धरलं.

त्याच दुपारी व्हॅन्कोमायसिन बंद झालं, पेनिसिलिन सुरू झालं. पहिली बाटली लावताना सबनीस स्वतः उभे राहिले. चौथ्या दिवशी ताप गेला. आठवड्याभरात क्रिएटिनिन उतरायला लागलं. गोळा लहान होत गेला. चार आठवडे इंजेक्शनं पूर्ण करून बाई घरी गेल्या, पायांनी चालत, मेंदू शाबूत, मूत्रपिंडं शाबूत. झडप मात्र पूर्वीपेक्षा जास्त गळते. काही वर्षांनी ती बदलावी लागेल. राखणदार मधे काढला नसता तर लागली असती का, हे सांगता येत नाही. मी यजमानांना हेच उत्तर दिलं. ते खरं आहे आणि सोयीचंही आहे.

नोंद पुसणं या सगळ्यापेक्षा अवघड निघालं. कॉम्प्युटरमध्ये ॲलर्जी वाढवता येते, कमी करता येत नाही. कमी करायला मूळ नोंद करणाऱ्याची संमती लागते. मूळ नोंदवाल्या नर्सिंग होमच्या जागी आता बावीस मजली टॉवर आहे. शेवटी आयटीवाल्यांनी तोड काढली. पेनिसिलिनची ॲलर्जी तशीच ठेवून तिच्यापुढे ‘नाही’ असं जोडलं. व्हॅन्कोमायसिनपुढे ‘सावकाश द्या’ हे लिहायला जागा नव्हती. मी डिस्चार्जच्या कागदावर हाताने मराठीत लिहिलं: यांना पेनिसिलिनची गरज आहे. यांना पेनिसिलिनची बाधा होत नाही. ‘लागतं’ हा शब्द मुद्दाम टाळला. यजमान तो कागद लॅमिनेट करायला घेऊन गेले.

या प्रकरणातून शिकण्यासारखं एवढंच: रुग्ण ॲलर्जी म्हणाला की नेमकं काय झालं होतं ते विचारा, आणि त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहा. मी हे रुग्णालयाच्या समितीपुढे मांडलं. समितीला ते फार पटलं. तिने ॲलर्जीचा नवा फॉर्म काढला. फॉर्म चार पानी आहे आणि इंग्रजीत आहे.

घरी गेल्यावर एकविसाव्या दिवशी बाईंनी पालिकेच्या दवाखान्यात ते जुनं इंजेक्शन पुन्हा घेतलं. तिथल्या सिस्टरनी अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग घरी सोडलं. संध्याकाळी मला फोन आला.

“पुरळ? खाज? दम?” मी विचारलं.

“काय नाय. फक्त बसता येत नाय.”

पेनिसिलिनचं हे इंजेक्शन कमरेखाली देतात आणि ते दोन दिवस दुखतं.